एकोणीस सह्या

फोन दुकानाच्या नंबरवर आला, सकाळी दहा-सव्वादहाला, म्हणजे गिऱ्हाईक सगळ्यात जास्त असतं त्या वेळेला. पलीकडून बाईचा आवाज. “मॅडम, मृत्यूचा दाखला काढायला काय काय कागद लागतात?” हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा येतो. खांद्यात फोन धरून, कुणाचा तरी सातबारा झेरॉक्सच्या काचेवर ठेवत मी सांगितलं, मयताचं आधार कार्ड, अर्जदाराचं आधार कार्ड, घरी वारले असतील तर तसा दाखला, आणि नोंद एकवीस दिवसांच्या आत करा नाहीतर हेलपाटे पडतील. “मयताचं नाव?” असं विचारून मी पेनही उचललं. ती म्हणाली, “काशीराम... मॅडम, मी वैशाली बोलतेय. तात्यांची सून.” पेन हातात होतं म्हणून मी नाव लिहिलं. निघते असं तिला सांगितलं, सातबारा पूर्ण झेरॉक्स करून गिऱ्हाइकाला दिला, सुटे पैसे दिले आणि मग शटर ओढलं. आधी शटर का नाही ओढलं, हे मला अजून सांगता येत नाही.

त्याला आता दोन महिने होत आले. मधल्या काळात मला रडू फारसं आलं नाही. राग आला, आणि तो कमी होत नाही म्हणून लिहायला बसले. पेपरच्या पुरवणीत, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची पद्धत आहे. तात्यांबद्दल चांगलं पुष्कळ आहे, ते लिहीन. पण त्यांनी एक चूक केली होती आणि ती गाळून लिहिलं तर त्यांनाच आवडणार नाही.

माझं दुकान महाडला. टायपिंग, झेरॉक्स, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. माहेर तुडीलचं, त्यामुळे सावित्रीचं पाणी अंगणात येणं मला लहानपणापासून माहीत. दुकानातलं मशीन मात्र पुरात दोनदा गेलं आणि दोन्ही वेळा पंचनाम्याच्या रांगेत मी स्वतः उभी राहिले. बावीस वर्षं मी कचेरीची भाषा टाइप करते आहे. सदरहू, उपरोक्त, सबब, उचित कार्यवाहीस्तव. तात्या पोलादपूरकडच्या डोंगरातले कोतवाल. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस : गावात थाळी वाजवून दवंडी द्यायची, घरोघर जाऊन नोटिसा द्यायच्या आणि नोटीस मिळाली म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही किंवा अंगठा आणायचा. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. ते बौद्धवाडीत राहायचे, आणि त्यांच्या घराच्या वर, डोंगराच्या पोटाला धरून जी वाडी आहे तिच्यातली त्यांच्याहून वयाने लहान माणसंसुद्धा त्यांना ‘काय रे कोतवाल’ म्हणायची. तात्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं असेल तर मला सांगितलं नाही. वाडीचं नाव मी इथे देत नाही. आमच्याकडच्या वाड्यांची नावं पेपरात एकदाच येतात, आणि ती कशी येतात हे महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगायला नको. कचेरीचंही नाव देत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमची पहिली भेट भांडणाची. माझ्या दुकानात चार माणसं उभी राहिली की पाचव्याला रस्त्यावर उभं राहावं लागतं. एके दिवशी खाकी शर्टातला एक उंच, हडकुळा माणूस एका म्हाताऱ्याला घेऊन आत शिरला, नोटिशीची झेरॉक्स काढून घेतली आणि तिथेच काउंटरला टेकून ती मोठ्याने वाचायला लागला.

“अहो, बाहेर जाऊन वाचा की,” मी म्हणाले.

“बाहेर ट्रक वाजतात गो बाय. याला कानाने कमी हाय.”

“मग घरी नेऊन वाचा.”

“घरी नेली तं सही पण घरीच घ्यायला लागंल. साहेब आज मागतोय.” आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचन सुरू. संपल्यावर म्हाताऱ्याला म्हणाले, “आता तू मला सांग, काय लिवलंय?”

म्हातारा म्हणाला, “माजी जमीन सरकारात गेली.”

“नाय रे गेली! मोजायला येणार हायत. मंगळवारी. तू बांधावर हजर राव. नाय रायलास तर शेजारी दाखवील ती हद्द. सांग आता परत.”

असं तीन वेळा झालं. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याने बरोबर सांगितलं तेव्हा कुठे तात्यांनी शाईची डबी उघडली. तोपर्यंत माझी चार गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली होती. मी बजावून सांगितलं, पुन्हा माझ्या दुकानात वाचन करायचं नाही. ते “बरं” म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या माणसाला घेऊन आले.

ही त्यांची पद्धत होती आणि ती त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. कचेरीच्या दृष्टीने कागद हातात पडला, सही आली, की काम झालं. समोरच्याला काय कळलं हे लिहायला फॉर्मवर जागाच नसते. तात्या आधी कागद जसाच्या तसा वाचायचे, मग आपल्या बोलीत सांगायचे, आणि मग समोरच्याकडून वदवून घ्यायचे. त्यात वेळ जायचा म्हणून ते साहेबांच्या शिव्या खायचे. एका तलाठ्याने तर त्यांना माझ्यासमोर ऐकवलं होतं, “काशीराम, तू नोटीस देतोस की कीर्तन करतोस?” तात्या म्हणाले होते, “कीर्तनाला माणसं आपल्या पायाने येतात साहेब. हितं मला जायला लागतं.” मी त्यांच्यावर हसायचे. मी स्वतः दिवसाला पन्नास कागदांवर पेन्सिलीने बारीक फुली करते आणि ‘इथे सही करा’ म्हणते. माणसं करतात. काय लिहिलंय असं विचारणारा महिन्यात एखादा, आणि खरं सांगायचं तर तो आला की माझ्या कपाळाला आठी पडते.

आता ती चूक.

वाडीत चालती घरं एकोणीस, बाकीच्यांना कुलपं. पुरुष बहुतेक मुंबईला, गणपती-शिमग्याला येणारे. एका पावसाळ्यात वाडीच्या वरच्या अंगाला, काजूच्या झाडांमागे, जमिनीला भेग पडली. गवताला गेलेल्या बायकांनी ती आधी पाहिली. सुगंधा नावाची एक बाई आहे, पन्नाशीची, नवरा मुंबईला वॉचमन. तिने भेगेत विळा घातला तो मुठीपर्यंत आत गेला. चार दिवसांनी काठी घातली, ती पूर्ण गेली. बायकांनी तात्यांना सांगितलं, तात्यांनी तलाठ्याला सांगितलं, आणि एवढं खरं की त्या वेळी कचेरी हलली. यंत्रं घेऊन तज्ज्ञ आले, दोन दिवस डोंगरावर फिरले. सुगंधाने त्यांना ताक दिलं आणि विचारलं, “साहेब, काय वाटतंय? राहावं का जावं?” त्यांतला एक म्हणाला, “रिपोर्ट देऊ आम्ही. तुम्हाला कळवतील.” रिपोर्ट आला. तो कपाटात गेला. कुणी कळवलं नाही.

पुढच्या जूनमध्ये, तात्यांच्या नोकरीचे शेवटचे चार महिने उरलेले असताना, एक साहेब जीप घेऊन वाडीत आले. पाऊस कोसळत होता, कशेडी घाटात दरड आली म्हणून त्यांचा फोन सारखा वाजत होता, त्यांना रस्ता बंद व्हायच्या आत पलीकडे जायचं होतं. त्यांनी फाइलीतून एक कागद काढला. त्यावर नुसते रकाने : अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा. “काशीराम, प्रत्येक घरातून एक, पटापट घे.” तात्यांनी विचारलं, “साहेब, वरचं पान?” साहेब म्हणाले, “वरचं पान ऑफिसात लावतो. सर्व्हेला कोण कोण हजर होतं त्याची यादी आहे, दुसरं काय!” आणि तात्या गेले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, वाचायला काहीच नसलेला कागद घेऊन, घरोघर. सुगंधाने अंगठ्याला शाई लावताना विचारलंसुद्धा, “आज वाचून दावत नाय काय?” तात्या म्हणाले, “हजेरी हाय फक्त.” बाकीच्या अठरा घरांत एवढंही कुणी विचारलं नाही. कोतवाल कागद घेऊन आलाय म्हणजे त्याने तो वाचलेला असणार, हे वाडीला इतकं पक्कं ठाऊक होतं. दुसरा कुणी आला असता तर त्या बायकांनी मुंबईला फोन लावले असते, चार प्रश्न विचारले असते. तात्यांवरच्या भरवशावर एकोणीस सह्या वीस मिनिटांत झाल्या. मला हे सांगताना ते म्हणाले, “पाऊस होता गो बाय.” मी म्हणाले, “पाऊस तुम्हाला नवीन होता का तात्या?”

वर्षभराने, तात्या निवृत्त झाल्यावर, वाडीतल्या पाच-सहा बायका कचेरीत आल्या. मागणी एवढीच, पावसाचे चार महिने खाली शाळेजवळ पत्र्याच्या शेड टाकून द्या. तात्या त्यांच्याबरोबर होते, कारण कुठल्या टेबलाशी उभं राहायचं हे त्यांना माहीत होतं. टेबलामागच्या माणसाने फाइल उघडली आणि म्हणाला, “तुम्ही तर लिहून दिलंय. धोका समजावून सांगितला, आम्हाला इथून हलायचं नाही, जबाबदारी आमची. एकोणीस सह्या आहेत. आता शेड कशाला?” बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ लागलेला एकच माणूस होता, आणि तो तिथून तडक माझ्या दुकानात आला. बाकावर बसलाही नाही. “बाय, माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाइप कर. माज्या नावाने.”

त्या कागदाची प्रत मिळायला सात महिने लागले. पहिलं उत्तर आलं, असा कागद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. ज्या कागदाच्या जोरावर बायकांना हाकललं तो कागद अर्ज केल्यावर आढळेना! दुसऱ्या अर्जावर उत्तर, तुमचा अर्ज अमुक कार्यालयाकडे हस्तांतरित केला आहे. अमुक कार्यालयाने तो परत पहिल्याकडे हस्तांतरित केला. तिसऱ्या खेपेला, समक्ष येऊन फाइल पाहावी. मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून तात्यांबरोबर गेले. त्यांनी बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं. वरचं पान होतं, कॉम्प्युटरवर टाइप केलेलं : आम्ही खाली सह्या करणार ग्रामस्थ लिहून देतो की, भूवैज्ञानिकांच्या अहवालातील बाबी आम्हांस समजावून सांगण्यात आल्या असून, आम्ही स्वखुशीने स्थलांतरास नकार देत आहोत, पुढे काही घडल्यास त्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही. मी ते हळू आवाजात वाचलं. तात्यांनी दोन्ही पानं खिडकीच्या उजेडात धरली. “वरच्या पानाला टाचणीची दोन भोकं हायत. सह्यांच्या पानाला चार. म्हंजे हे सह्यांचं पान आधी दुसऱ्या कशाला तरी टाचलेलं होतं.” टेबलामागचा माणूस म्हणाला, “प्रत हवी का नको?” त्याच्या आवाजात शरम नव्हती, कंटाळा होता. तो कंटाळा मी रोज बघते. मला अजून त्याची सवय झालेली नाही आणि होऊ नये अशी इच्छा आहे.

मी तात्यांना सल्ला दिला, हे वाडीत आत्ता बोलू नका. आधी तो मूळ अहवाल मिळवू, मग बोलू. मी व्यवहारी बाई आहे, भांडण कधी काढायचं ते मला कळतं. ते म्हणाले, “त्यांनी सह्या केल्यात. त्यांना आधी कळाया पायजे.” आणि दुसऱ्या दिवशी गुडघे धरत वर चढून गेले, एकोणीस घरांत, प्रत्येक घरात ते वरचं पान वाचून दाखवायला. तिथे काय झालं ते मला पुढे सुगंधाने सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे आम्ही मेलो तर आमचाच दोष, असं लिवलंय?”

“व्हय.”

“आणि हा कागद तू आणलावतास?”

“मीच आणला.”

“मग आता काय तोंड घेऊन आलायस रे?”

“हेच,” तात्या म्हणाले. तिने दार लावून घेतलं. एकोणीस घरांपैकी एका घरात त्यांना पाणी मिळालं. वाडीतल्या पुरुषांचं मुंबईला मंडळ आहे, त्याने मोबाइलवर मीटिंग घेऊन ठरवलं की यापुढे काशीराम कोतवालाने आणलेल्या कुठल्याही कागदाला वाडीने हात लावायचा नाही. जीपमधून आलेल्या साहेबांची दरम्यान बढतीवर बदली झाली होती. त्यांच्या तोंडावर कुणी दार लावलं नाही. ते कुणाला दिसतच नाहीत तर दार लावणार कसं? कचेरीला नेहमी हेच सोयीचं पडतं, की लोकांच्या दाराशी जाणारा माणूस वेगळा आणि कागद करणारा वेगळा. शिव्या पहिल्याने खायच्या.

तिथून पुढे तात्यांना एकच गोष्ट हवी होती, तो अहवाल. डोंगर येणार की राहणार, हे त्या बायकांना पावसाआधी कळलं पाहिजे. तालुक्याने सांगितलं अहवाल जिल्ह्याला आहे, जिल्ह्याने सांगितलं तालुक्याला पाठवला आहे. मग एका पत्रात खरं कारण निघालं : अहवालातील माहिती उघड केल्यास नागरिकांमध्ये घबराट निर्माण होण्याची शक्यता आहे. मी हे पत्र तात्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. “घबराट झाली तं खाली उतरतील ना गो. तेच तं पायजे.” जीविताचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत माहिती द्यावी लागते, असं कायद्यात आहे. आम्ही ते कलम घालून नवा अर्ज केला. उत्तर आलं, सदर ठिकाणी अद्याप कोणतीही दुर्घटना घडलेली नसल्याने प्रकरण जीविताशी संबंधित असल्याचे दिसून येत नाही. हे वाक्य मी टाइप केलेलं नाही, कुणी तरी शिकलेल्या माणसाने केलं, वाचलं, सही केली, शिक्का मारला आणि मग घरी जाऊन जेवला असेल. अपील केलं. सुनावणी गुरुवारी होती आणि सुनावणीची नोटीस शनिवारी आली. तात्यांनी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पाहिला, तो गुरुवारचाच होता. त्या दिवशी मी त्यांचा संताप पाहिला, एकदाच. “मी कधी तारखेनंतर नोटीस दिली नाय! नदीला पाणी होतं तवा पिशवी डोक्याला बांधून पलीकडे गेलो. एक नोटीस दाखव म्हणावं मला, उशिरा दिलेली. एक!” दुकानातली माणसं बघायला लागली. मी त्यांना पाणी दिलं आणि पुढच्या तारखेचा अर्ज टाइप करायला घेतला.

आमची शेवटची भेट फेब्रुवारीच्या अखेरीची. गुडघ्यांसाठी ते सव गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचे, तिथूनच आले होते, खांद्यावर ओला पंचा. हातात नव्या सुनावणीची नोटीस. “या टायमाला आधी आली गो बाय. सुधारले वाटतं.” आम्ही दोघंही हसलो. कचेरीचा जिना चढताना त्यांना दम लागतो हे मी पाहत होते, डॉक्टरकडे जा म्हणून दोनदा बोलले होते. “सुनावणी होऊन जाऊ दे,” म्हणाले. सुनावणी शुक्रवारची होती. ते बुधवारी सकाळी गेले, अंगणात, बाहेर निघताना चपला घालायला बसले ते उठलेच नाहीत.

जलदान विधीच्या दिवशी बौद्धवाडीच्या विहारात शोकसभा झाली. वरच्या वाडीतून कुणी आलं नव्हतं. कचेरीतले एक निवृत्त अधिकारी मात्र आले, आणि चांगलं बोलले. काशीराम म्हणजे प्रशासन आणि नागरिक यांच्यातला दुवा, असं ते तीन वेळा म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. मला राहवलं नाही. मी बसल्या जागेवरून विचारलं, “साहेब, तात्या दुवा होते हे खरं. मग त्या डोंगराचा अहवाल या दुव्याच्या हातात का दिला नाहीत? कोरा कागद तेवढा दिलात.” ते म्हणाले, “मॅडम, हा तो प्रसंग नव्हे.” बरोबर आहे त्यांचं. फक्त तो प्रसंग कधी असतो हे बावीस वर्षांत मला एकाही साहेबाने सांगितलेलं नाही.

त्यानंतर महिन्याने वैशाली एक पाकीट घेऊन दुकानात आली. आत एका पानाचं पत्र : अपीलार्थी मयत झाल्याचे समजून आल्याने व सदर प्रकरणात कोणाचेही स्वारस्य उरलेले नसल्याने अपील निकाली काढण्यात येत आहे. पत्रावरची तारीख तात्या गेल्याच्या नवव्या दिवसाची. वैशालीच्या हातात मृत्यूचा दाखला तोवर पडलेला नव्हता, तो मिळायला महिना लागला. ज्या कचेरीत वर्षानुवर्षं काही समजून येत नव्हतं तिला एवढी एक गोष्ट नऊ दिवसांत समजून आली. आणि कुणाचं स्वारस्य उरलं नाही म्हणे! डोंगराखाली एकोणीस घरं आहेत, त्यांना कुणी विचारलं होतं?

मी त्या पत्राच्या एकोणीस झेरॉक्स काढल्या आणि पुढच्या रविवारी पोलादपूरची एसटी धरली. एसटी खालीच सोडते, वाडी चढून जायला मला दीड तास लागला, मी तात्यांसारखी चढणारी नाही. सुगंधाच्या ओटीवर बायका जमल्या. कुणी मला बस म्हणालं नाही. मी पत्र वाचलं. मयत, निकाली, स्वारस्य. सुगंधा म्हणाली, “म्हंजे मरंपर्यंत अर्ज करतच होता काय तो?” मी म्हणाले, “हो.” तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “तात्यांच्या नावाचा अर्ज मेला. आमच्या नावाचा केला तर?” मंडळाला विचारायला नको का, असं एकीने म्हटल्यावर ती म्हणाली, “मंडळ मुंबईला झोपतंय. डोंगर माज्या पाठी हाय.”

त्या सोमवारी एकोणीस बायका खाली आल्या. अर्ज मी टाइप केले, एकेक वेगळा, नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत, आणि सह्यांआधी प्रत्येकीला तिचा अर्ज वाचून दाखवला. सकाळी दहाला सुरू केलं ते दुपारचे दोन वाजले. मग कचेरीत गेलो. टेबलामागे तोच माणूस. गठ्ठा पाहून म्हणाला, “विषय एकच आहे. एकोणीस अर्ज कशाला? एक सामाईक द्या, सगळ्यांच्या सह्या घेऊन.”

“सह्या घेऊन दिलेला कागद हाय तुमच्याकडं,” सुगंधा म्हणाली.

“अहो, मग एकीने करा अर्ज.”

“एकानेच केलावता साहेब. तो मेला तं तुम्ही फाइल मिटवलीत. आता फाइल मिटवायला आम्हा एकोणीस जणींना मरायला लागंल. एकोणीस जणी एकदम कशा मरतील, ते त्या रिपोर्टात लिवलंय. तो तेवढा द्या.”

त्याने कुणाकडेही न बघता शिक्का ओढला. प्रत्येक प्रतीवर तारीख घालून पोच दिली, एकोणीस वेळा, आणि त्याला सगळा वेळ लागू दिला आम्ही, एकही बाई बसली नाही. कायद्याने उत्तराला तीस दिवस आहेत, म्हणजे मेअखेर. नाही आलं तर अपील, अपिलाला आणखी तीस ते पंचेचाळीस दिवस, म्हणजे भर जुलै. जुलैत आमच्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्या माणसालाही.

तात्यांची फाइल माझ्या दुकानात आहे, घरी नेऊन काय करू म्हणून वैशालीने इथेच ठेवली. तिच्यात आता एकोणीस पोचा लावल्या आहेत. दुकान उघडलं की मी आधी तारीख बघते. आज अकरावा दिवस आहे.